स्टेअरिंग थरथरते तेव्हा

(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही पोथी घेऊन आलेलो नाही. आजचा विषय पिकअप गाडीचा आहे. तुम्ही म्हणाल, मास्तरांना गाडीतले काय कळते? बरोबर आहे. आमचे सारे आयुष्य खडू आणि फळा यांत गेले. पण एका गाडीने आम्हांला एक धडा दिला. तो तुम्हांला सांगावा म्हणून आज उभे आहोत.

पूर्वी आपल्या गावात घरोघर बैलगाडी होती. आता पिकअप आहे. कोबी, मिरची, टोमॅटो रात्री भरायचे आणि पहाटे छत्रपती संभाजीनगरला जाधववाडीच्या बाजारात न्यायचे. कापूस जिनिंगवर न्यायचा. येताना खत, बी, सिमेंट आणायचे. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. म्हणून मालक एक दिवससुद्धा गाडी उभी ठेवायला तयार नसतो. स्टेअरिंग थोडे हलते, तर हलू दे, असे तो म्हणतो. आमच्या गाडीचेही असेच झाले.

ती गाडी दोघा भावांची. धाकटा भाऊ चालवायचा. तो आमचाच जुना विद्यार्थी. गाडीला पुढे एकच आडवा आख होता, आणि तो कमानपाट्यांवर बसवलेला होता. सात-आठ महिन्यांपासून तिचे स्टेअरिंग थरथरत होते. साठच्या पुढे वेग गेला की हात झिणझिणायचे. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितले, पुढचे टायर बदला. बदलले. चार दिवस बरे वाटले. मग पुन्हा तेच. दुसऱ्याने सांगितले, अलाइनमेंट करा. केले. पुन्हा तेच. तिसऱ्याने स्टेअरिंगच्या दांड्याला एक नवा डॅम्पर बसवला. डॅम्पर म्हणजे धक्का जिरवणारी नळी. त्याने हादरा खरोखर कमी झाला. दोघे भाऊ खूश झाले. झाला खर्च तो झाला, पण गाडी बरी झाली, असे त्यांना वाटले.

एके दिवशी पहाटे आम्हांला शहरात काम होते. आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे कोबीच्या गोण्या होत्या. गावातल्या तिघी बाया आणि एक लहान पोर घाटी दवाखान्यात जायचे म्हणून रस्त्यावर उभी होती. एस.टी. यायला वेळ होता. मालगाडीत माणसे बसवू नयेत असा कायदा आहे, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही आम्हीच म्हणालो, "बसा गं मागे, तासाभराचा तर प्रश्न आहे." ती चौघे गोण्यांवर बसली.

फुलंब्री गेले. चौका मागे टाकले. गाडी सावंगीकडे चालली होती. उजाडले होते. रस्ता मोकळा होता. वेग साठाच्या आसपास असेल. रस्त्यात एक आडवा उंचवटा आला. पुढचे डावे चाक त्यावरून गेले आणि एकदम स्टेअरिंग दोन्ही बाजूंना गदगदा हलू लागले. ही नेहमीची थरथर नव्हती. समोरची काच, दरवाजे, आमचे दात, सारे वाजू लागले. ड्रायव्हरच्या हातातून चाक निसटत होते. पोरगा घाबरला. त्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि अर्धी पलीकडच्या बाजूला गेली. समोरून एस.टी. येत होती. तिच्या ड्रायव्हरने गाडी खाली मातीत घातली, म्हणून आज आम्ही बोलत आहोत. आमची पिकअप एका बाभळीच्या अलीकडे थांबली.

मागून पोराच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. रडते आहे म्हणजे जिवंत आहे. तीन गोण्या रस्त्यावर पडल्या होत्या. बायांना खरचटले होते. त्यांतल्या एकीने आम्हांला काही म्हटले नाही. फक्त पोराला छातीशी धरून आमच्याकडे पाहिले. तिला गाडीत कोणी बसवले होते, हे तिलाही ठाऊक होते आणि आम्हांलाही.

आता ही थरथर म्हणजे काय, ते पाहू. हे समजले म्हणजे पुढचे सारे सोपे आहे.

दवाखान्यातली ढकलखाट तुम्ही पाहिली आहे. तिला खाली छोटी फिरती चाके असतात. सावकाश ढकलली तर चाके सरळ चालतात. घाईने ढकलली की एखादे चाक डावी-उजवीकडे फडफडू लागते. त्या चाकाचा खिळा ढिला असेल तर जास्तच फडफडते. मोटारीचे पुढचे चाकही तसेच आहे. ते वळावे म्हणून एका उभ्या खिळ्यावर बसवलेले असते. या खिळ्याला किंगपिन म्हणतात. वळणारे चाक फडफडू शकते. त्याला धरून ठेवतात ते दांडे, सांधे आणि बुश. हे घट्ट असतील तर फडफड जागच्या जागी मरते. ढिले असतील तर वाढते.

आता झोका आठवा. नागपंचमीला पोरी झोका खेळतात. मागून एकजण हलकासा धक्का देते. पण प्रत्येक फेरीला, बरोबर वेळेवर देते. म्हणून झोका उंच जातो. चाकाचेही असेच होते. समजा, चाकाच्या आतल्या बाजूला, मध्यापासून वीतभर अंतरावर पन्नास ग्रॅम चिखल वाळून बसला. पन्नास ग्रॅम म्हणजे किती? मूठभरसुद्धा नाही. पण गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली की चाक सेकंदाला सात-साडेसात फेरे घेते. तेवढ्या वेगाने फिरताना तो चिखल चाकाला सुमारे दोन किलोचा ओढा देतो. एकदा वर, एकदा खाली, एकदा पुढे, एकदा मागे. सेकंदाला सातदा. आणि वेग दुप्पट झाला तर हा ओढा चौपट होतो. चाकाच्या अंगचा डोलण्याचा ठेका आणि या धक्क्यांचा ठेका एक झाला की थरथर सुरू होते. म्हणून ती ठरावीक वेगाला येते. वेग कमी केला की जाते. पुष्कळदा वेग वाढवला तरी जाते. म्हणूनच काही ड्रायव्हर सांगतात, "सत्तरच्या पुढे काढली की काही हलत नाही." असे करू नये.

तेव्हा यात दोन गोष्टी आहेत. एक, धक्का देणारी. दुसरी, तो धक्का वाढू देणारी. धक्का देणारी गोष्ट म्हणजे वाकडी डिस्क, फुगलेला टायर, चाकाचा बिघडलेला तोल, चिखल, नाहीतर रस्त्यातला खड्डा. वाढू देणारी गोष्ट एकच. ढिलाई. मिस्त्री लोक तिला 'प्ले' म्हणतात. आमच्या गाडीचे टायर बदलले तेव्हा धक्का कमी झाला. ढिलाई तशीच राहिली. डॅम्पर बसवला तेव्हा ढिलाई झाकली गेली. ती आत वाढत राहिली, आणि एका उंचवट्याने सारे बाहेर काढले.

हा रोग काही आपल्याच देशातला नाही. अमेरिकेत १९२३ च्या सुमारास मोटारींना रुंद, कमी हवेचे मऊ टायर बसू लागले. प्रवास सुखाचा झाला, पण पुढची चाके थरथरू लागली. त्या वेळी तिकडे शिमी नावाचा अंग हलवण्याचा नाच गाजत होता. लोकांनी या थरथरीला तेच नाव दिले. इंजिनिअर लोकांनी पुष्कळ डोके लढवले. १९३४ साली तिकडच्या मोठ्या कंपनीच्या मोटारींत पुढची दोन चाके वेगवेगळी टांगली गेली. एका चाकाचा हादरा दुसऱ्याला जाईना. आज बहुतेक लहान मोटारी तशाच असतात. पण ओझे वाहणाऱ्या गाडीला पुढेही एकच आख बरा पडतो. तो दणकट असतो आणि दुरुस्तीला सोपा असतो. १९८६ साली पुण्याला टाटांची ४०७ निघाली. तिला पुढे असाच आख आहे. एका आखावरची चाके एका दांड्याने जोडलेली असतात. डावे हलले की उजवे हलतेच. अमेरिकेत अशा आखाच्या जीपगाड्या आणि मोठ्या पिकअप आजही आहेत. तिथले लोक या मोठ्या हादऱ्याला मरणाची थरथर म्हणतात. आम्ही त्या दिवशी ती पाहिली.

आता पुढची हकीकत. बाभळीखाली गाडी उभी होती. दुसऱ्या पिकअपमधून माल बाजारात गेला. बाया एस.टी.ने दवाखान्यात गेल्या. एका ओळखीच्या माणसाने हर्सूलकडून एक म्हातारे मिस्त्री आणले. त्यांना सारे चाचा म्हणतात. चाचांनी पिशवीतून पाना काढला नाही. जॅक काढला नाही. ते आधी खाली बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बेटा, इंजिन चालू कर. गिअर काढ. हँडब्रेक ओढ. आता स्टेअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे कर. थोडेच. करत राहा."

मग त्यांनी एकेका सांध्यावर हात ठेवला. स्टेअरिंगच्या पेटीपासून सुरुवात केली. पेटीच्या बाहेरचा दांडा, तिथून जाणारी ड्रॅग लिंक, मग चाकाजवळचा सांधा, मग दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड, त्याची दोन्ही टोके. डाव्या टोकाशी आले आणि थांबले. आम्हांला म्हणाले, "गुरुजी, हात लावून बघा." आम्ही धोतर सावरून खाली वाकलो. बोट सांध्यावर ठेवले. दांडा आधी हलत होता, आणि चाक जरा उशिरा हलत होते. मधे एक बारीक 'टक्' बोटाला लागत होती. तीन गॅरेजे झाली, सात-आठ महिने गेले. ही टक् शोधायला पाच मिनिटे लागली.

मंडळी, ही परीक्षा नीट लक्षात ठेवा. हिला दोन माणसे लागतात, दुसरे काही लागत नाही. गाडी सपाट जागी जमिनीवरच हवी, कारण चाकावर भार असला की ढिलाई स्पष्ट दिसते. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. खाली बसणाऱ्याने सैल कपडे, उपरणे, पदर सांभाळावा. आणि बोटे सांध्याच्या फटीत घालू नयेत, वरून ठेवावीत. निरोगी सांध्यात दांडा आणि चाक एकदमच हलतात. ज्या सांध्यात एक आधी हलते आणि दुसरे मागून, तो सांधा गेला. बैलगाडीचा आख तुंब्यात झिजला की चाक लटपटते, ते तुम्ही डोळे मिटून ओळखता. यातही तेवढेच आहे.

चाचा तिथेच थांबले नाहीत. आम्हांला वाटले, दोष सापडला, संपले. ते म्हणाले, एक ढिला सांधा दुसऱ्याला ढिला करतो. मग त्यांनी जॅक लावला. डावे चाक जमिनीपासून चार बोटे उचलले. आखाखाली लाकडी ठोकळा दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नये. जॅक निसटतो. निसटतो तेव्हा सांगून निसटत नाही.

त्यांनी चाक वर आणि खाली धरले, घड्याळात बारा आणि सहा असतात तसे. आणि आत-बाहेर हलवले. चाक खडखड हलले. आता हे चाकाचे बेअरिंग ढिले की किंगपिन ढिली? दोन्हींत चाक असेच हलते. याची युक्ती चाचांनी दाखवली. ड्रायव्हरला सांगितले, पायाने ब्रेक दाबून धर. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचा भाग एकजीव होतात. मग पुन्हा हलवून पाहावे. खडखड थांबली तर बेअरिंग ढिले. खडखड तशीच राहिली तर किंगपिन गेली. आमची तशीच राहिली.

किंगपिनच्या बुशांना ग्रीस देण्यासाठी बारीक निपल असते. ते वाळलेल्या चिखलाने बुजले होते. ग्रीस भरणारा पोऱ्या दर वेळी वरून बंदूक लावायचा. ग्रीस आत जातच नव्हते, बाजूने गळून जायचे. बैलगाडीला वंगण नसले की ती कुरकुरते, गावभर सांगते. किंगपिन बिचारी कोरडी झिजली, पण आवाज केला नाही. ग्रीस देताना निपल आधी पुसावे. चाक जॅकवर उचललेले असावे. आतले जुने काळे ग्रीस बुशाच्या कडेने बाहेर आले, की समजावे नवे आत पोचले. बाहेर काही आले नाही, तर निपल बदलावे. निपलची किंमत ती काय? चहाच्या एक-दोन कपांइतकी.

आता तुमच्या गाडीची थरथर कोठून सुरू झाली असेल, हे ओळखायचे कसे? आधी ड्रायव्हरला विचारावे, कधी हलते?

फक्त ब्रेक मारला की हलते, असे तो म्हणाला, तर ब्रेकचा ड्रम किंवा चकती वाकडी झाली असण्याचा संभव आहे. तो वेगळा रोग. ठरावीक वेगाला बारीक थरथरते आणि वेग बदलला की जाते, असे असेल तर चाके पाहावीत. खड्ड्यावरून गेल्यावर एकदम हादरते आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाही, असे असेल तर ढिलाई आहे असे समजून त्याच दिवशी गाडी उभी करावी. मग हप्त्याची तारीख उद्याची असली तरी.

चाके पाहायची तर पैसे न लागणारी कामे आधी करावीत. डिस्कच्या आतल्या बाजूचा चिखल खरवडून काढावा. पावसाळ्यात काळ्या रानातून आलेल्या गाडीला निम्मा रोग हाच असतो. आपली काळी माती चिकट. ती वाळली की सिमेंटसारखी बसते. मग चाकाचे नट पाहावेत. ते ओळीने एकामागून एक आवळू नयेत. एक आवळला की त्याच्या समोरचा आवळावा. नाहीतर डिस्क तिरपी बसते. मग हवा. हवा टायर थंड असताना पाहावी. दोन्ही पुढच्या चाकांत सारखी असावी. किती असावी, ते गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या अंगावरही एक आकडा असतो. पण तो टायर जास्तीत जास्त किती हवा सोसेल त्याचा असतो. पुष्कळ लोक तोच धरतात. ते चूक आहे.

तुम्ही आता अंक वाचायला शिकला आहात. टायरच्या अंगावर इंग्रजीत चार अंक एका चौकटीत असतात. त्यांतले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२१ असे असेल, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नवा म्हणून दिलेला टायर खरोखर नवा आहे का, हे आता तुम्हांला दुकानदाराला विचारण्याचे कारण नाही.

टायरवरून तळहात फिरवावा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखा लागला, तर चाकांचे तोंड आत किंवा बाहेर जास्त वळले आहे. जागोजागी खळगे लागले, तर चाक बरेच दिवस उड्या मारत चालले आहे. असे खळगे पडलेला टायर नवे सांधे घातल्यावरही थोडा हलणारच. मग चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे आणि डिस्कच्या कडेजवळ खडू धरावा. खडू सगळीकडे सारखा लागला तर डिस्क सरळ. एकाच जागी लागला तर ती वाकडी. खडूचा हा उपयोग आम्हांला चाळीस वर्षांत सुचला नव्हता. एवढे झाल्यावर चाकाचा तोल यंत्रावर करून घ्यावा. ते डिस्कच्या कडेला शिशाचे नाहीतर लोखंडाचे छोटे तुकडे ठोकतात. ते तुकडे पडू देऊ नयेत.

कमानपाट्यांकडेही पाहावे. पाट्यांना आखाशी धरून ठेवणारे यू-बोल्ट ढिले झाले की आख जागचा सरकतो. पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला तर आख तिरपा होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. शॉकअबसॉर्बरमधून तेल गळत असेल, तर चाक खड्ड्यानंतर उड्या मारत राहते. आणि आणखी एक गोष्ट, जी मालकाला आवडत नाही. मागे ओझे फार भरले की गाडीचे नाक वर होते. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, किंगपिन मागे जास्त कलते, आणि थरथरीला आयते निमंत्रण मिळते. नोंदणीच्या पुस्तकात वजन लिहिलेले असते. ते शोभेसाठी नसते.

अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट गॅरेजच्या दारातच बिघडते. आमच्या दोघा भावांनी आधी अलाइनमेंट केले आणि सांधे नंतर बदलले. म्हणून त्यांना ते दोनदा करावे लागले.

चाचांनी आमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या किंगपिन आणि बुश बदलले. एकाच बाजूचे बदलत नाहीत. टाय रॉडची दोन्ही टोके बदलली. टोकाच्या नटमध्ये एक लहान दुपाखी पिन घालतात. ती नसली तर नट सुटू शकतो, आणि नट सुटला तर चाक आणि स्टेअरिंग यांचा संबंध तुटतो. जुनी पिन वाकवून पुन्हा घालू नये. त्या गाडीतून निघालेली पिन गंजलेली होती आणि एकच पाय शिल्लक होता. ती आम्ही चाचांकडून मागून घेतली. ही पाहा. हातोहात फिरवा.

सगळा खर्च आधी घेतलेल्या दोन टायरांपेक्षा कमी झाला. जुने सुटे भाग चाचांनी न मागता परत दिले. तुम्हीही मागावेत. बिलावर काय काय लिहिले आहे ते वाचावे, आणि तेवढे भाग गाडीतून निघाले का ते मोजावे. वाचता येते म्हणून मिस्त्रीशी भांडावे असे नव्हे. पण वाचणाऱ्या गिऱ्हाइकापुढे काम जरा नीट होते, असा आमचा अनुभव आहे. दुरुस्तीनंतर आधी रिकामी गाडी सावकाश चालवली, मग भरून. चार दिवसांनी यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळले. डॅम्पर चाचांनी काढला नाही. म्हणाले, राहू द्या, आता तो आपल्या कामापुरते काम करील.

आता एक प्रश्न राहिला. गाडी चालता चालताच असा हादरा बसला तर काय करावे? आमच्या पोराने केले ते करू नये. करकचून ब्रेक मारला की सारे ओझे पुढच्या ढिल्या चाकांवर येते आणि हादरा वाढतो. एकदम वळवूही नये. स्टेअरिंग दोन्ही हातांनी पक्के धरावे, पण त्याच्याशी झोंबू नये. अंगठे चाकाच्या आत अडकवू नयेत, उलटा हिसका बसला तर अंगठा दुखावतो. पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा. गाडी आपोआप मंदावते. हादरा कमी होऊ लागला की हलका ब्रेक द्यावा आणि डाव्या बाजूला घ्यावी. थांबल्यावर हादरा गेला, म्हणून पुढे निघू नये. तो गेलेला नसतो. तो पुढच्या खड्ड्याची वाट पाहत असतो.

त्या पोराला दवाखान्यात नेऊन त्याच दिवशी तपासले. त्याला काही झाले नव्हते. आज ते शाळेत जाते. त्याची आई इथे मागच्या ओळीत बसली आहे आणि आता आपल्यासारखीच वाचायला शिकते आहे. आम्ही तिची माफी मागितली आहे. मालगाडीत माणसे बसवायची नाहीत, असे आम्ही दोघा भावांकडून लिहून घेतले. कागद ग्रामपंचायतीत लावला आहे. आता तो तुम्हांला वाचता येईल.

बोलणे पुरे झाले. बाहेर निंबाखाली दोन पिकअप उभ्या आहेत. एक दुरुस्त झालेली आणि एक वरच्या वाडीची, जिच्या मालकाला वाटते की त्याच्या गाडीत काही दोष नाही. कंदील आणि बॅटरी दोन्ही आणली आहेत. दोन जण मागच्या चाकांना दगड लावा. एकाने स्टेअरिंगवर बसावे. बाकीच्यांनी एकेक करून टाय रॉडवर हात ठेवून पाहावा. आधी बरी गाडी, मग दुसरी. चला.